क्वांटम डॉटची गोष्ट: लेनिनग्राड, न्यू जर्सी आणि गणेशखिंड

मंडळी, हल्ली टीव्ही घ्यायला वाशीतल्या एखाद्या मोठ्या दुकानात गेलात तर सेल्समन 'क्यूएलईडी' हा शब्द पाच मिनिटांत पाच वेळा तरी ऐकवतो. त्यातला 'क्यू' म्हणजे क्वांटम. खरं तर क्वांटम डॉट, पण डॉट गाळलाय. गंमत म्हणजे सगळी करामत त्या गाळलेल्या डॉटचीच आहे. टीव्हीच्या मागच्या बाजूला निळे एलईडी असतात आणि हे डॉट त्या निळ्या प्रकाशातून अगदी शुद्ध हिरवा आणि शुद्ध लाल रंग काढून देतात. एक डॉट म्हणजे काही शे ते काही हजार अणूंचा एक बारीक स्फटिक, आकार २ ते १० नॅनोमीटर. आपला केस साधारण ८०,००० नॅनोमीटर जाड असतो, म्हणजे अंदाज घ्या.

या डॉटसाठी ४ ऑक्टोबर २०२३ रोजी रसायनशास्त्राचं नोबेल जाहीर झालं. अलेक्सी एकिमोव, लुई ब्रुस आणि मुंगी बावेंडी. (त्या दिवशी स्वीडनच्या विज्ञान अकादमीची प्रेसनोट घोषणेच्या काही तास आधीच ईमेलने बाहेर पडली आणि नावं फुटली. टेस्टिंगच्या आधीच प्रॉडक्शनला गेलेला कोड फक्त आपल्याकडेच असतो असं नाही :-) )

नोबेलची गोष्ट तेव्हा सगळ्या पेपरांत आली: लेनिनग्राड, मग न्यू जर्सी, मग बोस्टन. ती खरीच आहे. पण त्याच काळात याच विषयावर आणखी एका गावात काम चालू होतं, आणि ते गाव आपल्यापासून एक्स्प्रेस वेवर दोन-अडीच तासांवर आहे. तो भाग मराठीत फारसा कुणी सांगत नाही, म्हणून आज हा उद्योग.

आधी थोडं फिजिक्स. घाबरू नका, इंजिनियरिंगच्या पहिल्या वर्षाला आपण सगळ्यांनी हे घोकलेलं आहे: 'पार्टिकल इन अ बॉक्स'. एक खोका, भिंती अनंत उंच, आत एक इलेक्ट्रॉन. त्याची ऊर्जा काढा. हमखास येणारा प्रश्न. उत्तरात एक सूत्र यायचं आणि खाली खोक्याच्या लांबीचा वर्ग असायचा. आपण ते लिहून मार्क घेतले आणि विसरलो. त्या सूत्राचा अर्थ एवढाच, की खोका जितका लहान तितकी आतल्या इलेक्ट्रॉनची ऊर्जा जास्त. सतारीचं घ्या. पडद्यावर बोट दाबून तारेची लांबी कमी केली की सूर चढतो. फरक इतकाच की तार निम्मी केली तर सूर दुप्पट होतो आणि इलेक्ट्रॉनचा खोका निम्मा केला तर ऊर्जा चौपट होते.

आता अर्धवाहकाचा, म्हणजे सेमीकंडक्टरचा, एक कण घ्या. समजा कॅडमियम सेलेनाइड. त्यावर प्रकाश पडला की एक इलेक्ट्रॉन वर उडी मारतो आणि खाली रिकामी जागा सोडून जातो. या दोघांची एक सैलसर जोडी जमते. त्या जोडीला स्वस्थ फिरायला काही नॅनोमीटर जागा लागते. मोठ्या तुकड्यात अशी जागा भरपूर, त्यामुळे तुकड्याच्या भिंती कुठे आहेत याचा तिला पत्ताच नसतो. पण कणच जर त्या जागेपेक्षा लहान केला तर? मग इलेक्ट्रॉनला भिंत लागते. तो खोक्यात कोंडला जातो, ऊर्जा वाढते आणि बाहेर पडणारा प्रकाश लालकडून निळ्याकडे सरकतो. साधारण ६ नॅनोमीटरचा कण लाल प्रकाश देतो आणि २ नॅनोमीटरचा निळा. पदार्थ तोच, रासायनिक सूत्र तेच, फक्त आकार वेगळा. एरवी रंग बदलायचा म्हणजे पदार्थ बदलायचा, हा रसायनशास्त्राचा जुना नियम. इथे तो मोडला.

लहान कण वेगळे वागतील हे हर्बर्ट फ्रोलिश यांनी १९३७ मध्येच सुचवलं होतं. म्हणजे विचार जुना होता, पण असे कण बनवणार कसे आणि बनवले तरी मोजणार कसे? तिथे घोडं पेंड खात होतं. माझ्या मते या सगळ्या इतिहासाचं सार हेच आहे. यात सूत्र सोपं होतं, घाम निघाला तो एका मापाचे कण बनवताना.

पहिला धागा लेनिनग्राडचा. एकिमोव वाविलोव ऑप्टिकल इन्स्टिट्यूटमध्ये रंगीत काचेचा अभ्यास करत होते. काचेत कॉपर क्लोराइड मिसळायचं, मग ती काच ५०० ते ७०० अंशांवर तापवायची, कधी १ तास तर कधी ९६ तास. आत कॉपर क्लोराइडचे बारीक स्फटिक तयार व्हायचे, साधारण २ पासून ३० नॅनोमीटरपर्यंत. मोठे कण असलेली काच नेहमीच्या कॉपर क्लोराइडसारखाच प्रकाश शोषायची. पण कण जितके लहान, तितकं ते शोषण निळ्याकडे सरकायचं. एकिमोव यांनी ओळखलं की हा 'खोक्याचा' परिणाम आहे. १९८१ मध्ये ते सोव्हिएत जर्नलमध्ये छापून आलं. त्याचं गणित अलेक्झांडर एफ्रोस यांनी १९८२ मध्ये मांडलं.

आता ते जर्नल अमेरिकेत कोण वाचणार? शीतयुद्धाचा काळ. इकडे न्यू जर्सीच्या बेल लॅब्जमध्ये लुई ब्रुस यांचा रस होता तो सूर्यप्रकाशाने रासायनिक क्रिया घडवून आणण्यात. त्यासाठी त्यांनी कॅडमियम सल्फाइडचे बारीक कण द्रावणात बनवले. ते द्रावण टेबलावर तसंच काही काळ राहिलं आणि त्याचे प्रकाशाचे गुणधर्म बदललेले दिसले. कण वाढले होते. मग त्यांनी साधारण ४.५ नॅनोमीटरचे ताजे कण आणि १२.५ नॅनोमीटरचे मुरलेले कण शेजारी ठेवून तुलना केली. मोठे कण नेहमीसारखे, लहान कण निळ्याकडे सरकलेले. १९८३ मध्ये त्यांचा पेपर आला. एकिमोव यांचं काम तेव्हा त्यांना माहीतही नव्हतं. म्हणजे एकाच्या डॉट काचेत गोठलेल्या आणि दुसऱ्याच्या पाण्यात तरंगणाऱ्या, पण उत्तर एकच. 'क्वांटम डॉट' हे नाव त्यानंतरचं. ८० च्या दशकाच्या उत्तरार्धात टेक्सस इन्स्ट्रुमेंट्समधल्या मार्क रीड यांच्या गटाने ते रुळवलं.

आणि आता पुणे.

१९९३ मध्ये 'जर्नल ऑफ अप्लाइड फिजिक्स'मध्ये एक पेपर छापून आला. विषय: थायोफेनॉलचं आवरण असलेले झिंक सल्फाइडचे क्वांटम डॉट. पहिलं नाव शैलजा महामुनी, शेवटचं सुलभा कुलकर्णी. काम पुणे विद्यापीठाच्या भौतिकशास्त्र विभागातलं, म्हणजे गणेशखिंडीतल्या त्या जुन्या राजभवनाच्या आवारातलं. (सावित्रीबाई फुले यांचं नाव विद्यापीठाला २०१४ मध्ये मिळालं.) अणुऊर्जा खात्याची संस्था नाही, आयआयटी नाही, साधं राज्य विद्यापीठ.

हे 'थायोफेनॉलचं आवरण' काय प्रकरण आहे ते समजलं की सगळा धंदाच समजतो. द्रावणात झिंक आणि गंधक एकत्र आले की झिंक सल्फाइडचे कण बनतात. त्यात अवघड काही नाही, शाळेच्या लॅबमध्येही पांढरा साका खाली बसतो. अडचण ही की ते कण वाढत राहतात, एकमेकांना चिकटतात आणि नॅनोचा मायक्रो कधी होतो ते कळत नाही. ब्रुस यांच्या टेबलावर झालं तेच. मग वाढ अडवायची कशी? आई साबुदाण्याच्या खिचडीत काय करते ते आठवा. भिजलेल्या साबुदाण्याला दाण्याचा कूट लावून ठेवते, म्हणजे दाणा दाण्याला चिकटत नाही. थायोफेनॉल हे इथलं दाण्याचं कूट. त्याच्या रेणूचं गंधकाचं टोक कणाच्या पृष्ठभागावरच्या झिंकला धरून बसतं आणि बेंझिनची कडी बाहेरच्या बाजूला राहते. कण तिथेच थांबतो. (वास मात्र कुटासारखा खमंग नाही. थायोफेनॉलची दुर्गंधी हा रसायनवाल्यांच्या कुचेष्टेचा विषय आहे.)

या आवरणाचं महत्त्व आणखी एका कारणाने आहे. कण इतका लहान झाला की त्याचे बरेचसे अणू पृष्ठभागावरच असतात. तिथे अपुरे बंध असतात आणि इलेक्ट्रॉन त्या खड्ड्यांत अडकतो. अडकला की प्रकाश देण्याऐवजी ऊर्जा उष्णता म्हणून वाया घालवतो. म्हणजे आतला इलेक्ट्रॉन कसा वागणार हे बाहेरची साल ठरवते. डॉट बनवणं म्हणजे निम्मं काम सालीचंच.

आता झिंक सल्फाइडची एक गैरसोय. त्याचा मूळचाच बँडगॅप मोठा, साधारण ३.६ इलेक्ट्रॉन व्होल्ट, म्हणजे अतिनील प्रकाशातला. डॉट लहान केला की तो आणखी पुढे सरकतो. डोळ्यांना काही दिसतच नाही! कॅडमियमवाले लाल-हिरव्या-निळ्या बाटल्यांची रांग लावून फोटो काढतात, झिंकवाल्यांकडे फक्त स्पेक्ट्रोमीटरवरचा आलेख. पण कॅडमियम विषारी आणि झिंक तुलनेने निरुपद्रवी. मग दिसेल असा रंग आणायचा कसा? त्यावरचा उपाय म्हणजे डोपिंग. कणात थोडे परके अणू टाकायचे. झिंक सल्फाइड प्रकाश शोषून घेतं, ऊर्जा त्या पाहुण्याला देतं आणि पाहुणा आपल्या रंगात चमकतो. मँगनीज टाकला तर नारिंगी, तांबं टाकलं तर हिरवा. १९९५ मध्ये पुण्याच्या याच गटाचे दोन पेपर 'अप्लाइड फिजिक्स लेटर्स'मध्ये आले, एक मँगनीजचा आणि एक तांब्याचा. मँगनीजच्या पेपरच्या शीर्षकातच 'जलीय पद्धत' असा शब्द आहे. म्हणजे पाण्यातलं रसायन.

या विषयात तेव्हा जगभर गर्दी होती. त्याच्या आदल्याच वर्षी, १९९४ मध्ये, रमेश्वर भार्गव यांनी न्यूयॉर्कजवळच्या फिलिप्सच्या प्रयोगशाळेतून मँगनीजवाल्या झिंक सल्फाइडबद्दल मोठा दावा केला होता: कण नॅनो केला की मँगनीजचा प्रकाश लाखपट झटपट बाहेर पडतो, तोही भरपूर. खळबळ उडाली, शेकडो लोक मागे लागले. पुढे १९९८ मध्ये नेदरलँड्समधल्या बोल आणि मायरिंक यांनी मोजून दाखवलं की मँगनीजचा खरा प्रकाश नॅनो कणातही पूर्वीसारखाच सावकाश येतो, झटपट येणारा प्रकाश वेगळाच होता. दावा मागे पडला, पण त्या निमित्ताने झालेलं कणांचं काम टिकलं. विज्ञान असंच चालतं, बग रिपोर्ट चार वर्षांनी येतो.

मग पुणं नोबेलच्या गोष्टीत का नाही? इथे आपल्याकडे दोन पक्ष पडतात. एक म्हणतो, 'बघा, आमच्याकडे आधीच होतं, गोऱ्यांनी डावललं.' दुसरा म्हणतो, 'सोडा हो, आपल्याकडे काही ओरिजिनल होतच नाही.' दोन्ही पक्षांना पेपर वाचायचे नसतात, ही त्यातली सोय.

खरं उत्तर १९९३ च्याच दुसऱ्या एका पेपरमध्ये आहे. त्या वर्षी एमआयटीतून मरे, नॉरिस आणि बावेंडी यांनी पद्धत छापली. बावेंडी हे ब्रुस यांच्याकडेच बेल लॅब्जमध्ये पोस्टडॉक होते. त्यांनी काय केलं? हवाबंद चंबूत एक तेलकट द्रावक ३०० अंशांच्या आसपास तापवलं आणि त्यात कॅडमियम-सेलेनियमचा थंड माल एकदम सुईने टोचला. सगळ्या कणांचा जन्म एकाच क्षणी. लगेच तापमान उतरतं, नवे कण जन्मत नाहीत, असलेले सावकाश आणि एकत्र वाढतात. हवं तेव्हा थांबवा. १.२ पासून ११.५ नॅनोमीटरपर्यंत हवं ते माप, आणि एका बाटलीतल्या कणांत फरक ५ टक्क्यांच्या आसपास. पाण्यातल्या, साध्या तापमानाच्या पद्धतीत कण लहान होतात पण मापात फरक जास्त राहतो. माप वेगळं म्हणजे रंग वेगळा आणि रंग पसरला की टीव्हीला उपयोग नाही. नोबेल मिळालं ते या नेमकेपणाला. त्यात डावलण्याबिवलण्याचं काही नाही.

पण आता गोष्टीची दुसरी बाजू. बावेंडींच्या डॉटना सुरुवातीला प्रकाश नीट देता येत नव्हता, कारण तेच, पृष्ठभागावरचे खड्डे. १९९६ मध्ये हाइन्स आणि ग्यो-सिओनेस्ट यांनी त्यांच्यावर दुसऱ्या पदार्थाची एक साल चढवली आणि डॉट एकदम लखलखले. ती साल कशाची? झिंक सल्फाइडची! आणि मूळच्या पद्धतीतलं डायमिथिल कॅडमियम हे हवेत पेट घेणारं जालीम विष. ते टाळण्याची वाट २००१ पर्यंत निघाली, पण कॅडमियम ते कॅडमियमच. युरोपने २००६ पासून इलेक्ट्रॉनिक वस्तूंमध्ये त्यावर ०.०१ टक्क्याची मर्यादा घातली. म्हणून आजच्या बऱ्याच टीव्हींमध्ये कॅडमियम नसतं, इंडियम फॉस्फाइडचा गाभा आणि झिंकच्या संयुगांची साल असते. म्हणजे विषारी धातू नको, साल महत्त्वाची, झिंक बरं, या प्रश्नांकडे जग सावकाश वळलं. ते पुण्यावरून वळलं असं मी अजिबात म्हणत नाही. प्रश्न मात्र योग्य होते एवढं नक्की.

पुण्यातलं काम तिथेच थांबलंही नाही. १९९९ मध्ये महामुनी यांचा झिंक ऑक्साइडच्या डॉटवर पेपर आला, विद्युत-रासायनिक पद्धतीने वाढवलेल्या. त्यात सहलेखक कॅलिफोर्नियातल्या डेव्हिसचे सुभाष रिसबूड. हे रिसबूड काचेतल्या क्वांटम डॉटचे जाणकार, म्हणजे एकिमोव यांच्या वाटेवरचे. लेनिनग्राडच्या काचेचा धागा असा फिरून गणेशखिंडीत आला. सुलभा कुलकर्णी यांनी नॅनोतंत्रज्ञानावर इंग्रजीत पाठ्यपुस्तक लिहिलं, पुढे त्या पुण्याच्याच आयसरमध्ये होत्या. ते पुस्तक नंतर जर्मनीच्या मोठ्या प्रकाशकाने जगभर विकलं.

तारखा नीट बघा. आपल्या सरकारचं 'नॅनो मिशन' आलं २००७ मध्ये, पाच वर्षांना १,००० कोटी. पवईच्या आयआयटीत नॅनोइलेक्ट्रॉनिक्सचं मोठं केंद्र उभं राहायला लागलं २००६ मध्ये. पवईत सुभानंद चक्रवर्ती यांचा गट गॅलियम आर्सेनाइडवर इंडियम आर्सेनाइडचे डॉट वाढवतो, इन्फ्रारेड डिटेक्टरसाठी, आणि त्याला लागणारं निर्वात पोकळीतलं यंत्र कोट्यवधींचं असतं. असं यंत्र नसताना, मिशन नसताना, 'नॅनो' म्हणजे काय हे शेजाऱ्याला समजावून सांगावं लागायचं त्या काळात, एका राज्य विद्यापीठात चंबू आणि बीकर घेऊन इलेक्ट्रॉन कोंडायचं काम चालू होतं. पैसा येईपर्यंत माणसं तयार होती. उलटा क्रम चालत नाही, हे सॉफ्टवेअरवाल्यांना वेगळं सांगायला नको. सर्व्हर विकत घेता येतो, टीम विकत घेता येत नाही.

कमी पडलो ते पुढच्या टप्प्यात. तिकडे एमआयटीतून २००४ मध्ये 'क्यूडी व्हिजन' नावाची कंपनी निघाली, २०१३ मध्ये तिचे डॉट सोनीच्या टीव्हीत गेले, २०१६ मध्ये सॅमसंगने ती घेतली. पेपर ते टीव्ही, वीस वर्षं. आपल्याकडे विद्यापीठ होतं, आणि ठाणे-बेलापूर रस्त्यावर रसायनांचे कारखानेही होते. एका बाजूला ग्रॅमभर बनवता येणारे लोक, दुसऱ्या बाजूला टनभर बनवता येणारे. मधला एक्स्प्रेस वे २००२ मध्ये पूर्ण झाला, पण वीस वर्षं धीर धरून पैसे लावणारा माणूस काही त्यावरून आला नाही. दरम्यान त्या पट्ट्यातल्या कित्येक कारखान्यांच्या जागी आयटी पार्क झाले आणि आपण तिथे बसून इतरांचा कोड सांभाळू लागलो.

डॉटमधल्या इलेक्ट्रॉनची गोष्ट अजून संपलेली नाही. १९९६ मध्ये जपान आणि नेदरलँड्सच्या गटाने तारा जोडलेल्या एका डॉटमध्ये एकेक इलेक्ट्रॉन मोजून भरला. शेअर रिक्षासारखं, सीट रिकामी असेल तरच पुढचा आत, नाहीतर उभा राहा. २, ६, १२ इलेक्ट्रॉन झाले की 'गाडी फुल', आणि पुढच्याला शिरायला जास्त जोर लागतो, अगदी अणूतल्या कक्षांसारखं. म्हणून डॉटला 'कृत्रिम अणू' म्हणतात. अशा डॉटमधल्या एकट्या इलेक्ट्रॉनचा स्पिन क्यूबिट म्हणून वापरायची कल्पना १९९८ मध्ये लॉस आणि डिव्हिन्सेंझो यांनी मांडली. आपल्या केंद्र सरकारने एप्रिल २०२३ मध्ये ६,००३ कोटींचं राष्ट्रीय क्वांटम मिशन मंजूर केलं, नोबेलच्या सहा महिने आधी. त्यातलं एक केंद्र पवईला आहे.

चांगलंच आहे. पण राज्य विद्यापीठांमधल्या प्राध्यापकांच्या रिक्त जागांच्या बातम्याही आपण वरचेवर वाचतो. तिथेच माझी खरी भीती आहे. १९९३ चा तो पेपर मिशनमधून आला नव्हता, भरलेल्या जागेवर बसलेल्या प्राध्यापक बाईंकडून आणि त्यांच्या पीएचडीच्या विद्यार्थ्यांकडून आला होता. ती खुर्ची आज रिकामी ठेवली तर २०४० साली कुठलंही मिशन कोणाच्या जिवावर चालवणार?

असो. लेख बराच लांबला. पुढच्या वेळी सेल्समन 'क्यूएलईडी' म्हणाला की त्याला डॉटवरची साल कशाची आहे ते जरूर विचारा. आणि घरी पहिल्या वर्षाला असलेलं कुणी 'पार्टिकल इन अ बॉक्स' घोकत असेल तर त्याला सांगा, हा खोका पुण्यात खरोखर बनवलाय.